कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ढाणकीच्या आमच्या घरात कापूस राहत होता आणि आम्ही त्याच्या कडेकडेनं राहत होतो. त्या वर्षांत भाव असे काही पडले होते की वेचून आणलेला कापूस विकायला कुणाचा हात उठेना. सरकारी खरेदी आज सुरू होते, उद्या सुरू होते, असं रोज कुणीतरी ओट्यावर येऊन सांगून जाई. खाजगी व्यापारी जो भाव सांगत तो ऐकला की सासरे उठत आणि बैलांकडे जात. मग कापूस घरात. आधी मागची खोली भरली, मग मधली. मधल्या खोलीत फळ्या उभ्या करून कापूस अडवला होता. फळ्यांच्या अलीकडे एक खाट मावेल एवढी जागा, पलीकडे आढ्यापर्यंत पांढरं. खिडकी त्या पांढऱ्याच्या मागं गेली होती. त्या खोलीत पाय टाकला की कान बंद झाल्यासारखे वाटत. बोललेलं कापसात शिरे आणि तिथंच राही. अंगाला खाज सुटे ती वेगळीच. सासूबाई रोज कडुनिंबाचा पाला घालून पाणी तापवत, तरी सगळ्यांच्या मानेवर आणि कोपरांत लाल पुरळ असायचंच.

मी यवतमाळची. वडील सरकारी कचेरीत, काका शाळेत, मामा बँकेत. आमच्या घरात शेत म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसणारी गोष्ट. मी कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. केलं होतं आणि वर्षभर एका क्लासमध्ये शिकवलंही होतं. लग्न जमताना वडिलांनी विचारलं होतं, मुलगी पुढं नोकरी करेल, चालेल ना? "न चालायले काय झालं?" सासरे म्हणाले होते. ते खोटं बोलले नव्हते. फक्त ढाणकीत नोकरी नव्हती, आणि ढाणकीच्या बाहेर मी रोज कशी जाणार, याचा विचार कुणी केला नव्हता. माझे यजमान जवळच्या खेड्यातल्या शाळेवर शिक्षक होते. ते सकाळी मोटारसायकल घेऊन जात आणि संध्याकाळी येत. मी घरात. दीड वर्षात मी बाजारात एकटी गेल्याचं मला आठवत नाही. कुणी अडवलं नव्हतं. काय लागेल ते कुणीतरी आणून देई, त्यामुळे जायचं कारणच तयार होत नसे.

दिवाळीनंतर एक दिवस मी जेवण वाढत असताना सासरे म्हणाले, "सूनबाई, तुले घरीच कम्प्युटर आनून देतो. गावातल्या पोरी शिकव. बसल्या बसल्या काम होईन." त्यांच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं. त्यांना वाटलं, माझ्या मनातलं त्यांनी ओळखलं. मी "बरं मामाजी" म्हणाले आणि भाकरी वाढली. मला राग आला नाही, हेच मला रात्रभर टोचत राहिलं. एवढ्या मायेनं दिलेल्या वस्तूवर रागवायचं तरी कसं?

माझा धाकटा भाऊ यवतमाळला डिप्लोमा करत होता आणि ओळखीच्यांना कॉम्प्युटर जोडून द्यायचा. त्यानं नागपूरहून सुटे भाग आणले, घरीच जोडले, आठवडाभर चालवून पाहिलं. फोनवर म्हणाला, "ताई, उडते नुसता. तुले आवडन." मग तो कॅबिनेट गोणपाटात गुंडाळून, मॉनिटर मांडीवर घेऊन एसटीनं आला. उमरखेडला गाडी बदलल्यावर जागा मिळाली ती शेवटच्या बाकावर, आणि त्या रस्त्यावर शेवटचा बाक म्हणजे काय ते गेलेल्यालाच कळेल. उतरला तेव्हा त्याचे केससुद्धा पांढऱ्या धुळीनं म्हाताऱ्यासारखे झाले होते.

कॉम्प्युटर ठेवायचा कुठं यावर चर्चा झाली. बैठकीत येणारे-जाणारे फार, कुणीही बटणं दाबेल. आमच्या खोलीत पलंग आणि कपाट सोडून जागा नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "मधल्या खोलीत ठेवा. कुलपाची खोली ती एकच हाय." फळ्यांच्या अलीकडे टेबल लागलं. खुर्चीवर बसलं की पाठ फळ्यांना लागे. भावानं एकदा कापसाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "इथं?" तो हळूच म्हणाला. पण मुलीच्या सासरी मुलीचा भाऊ काय बोलणार? त्यानं तारा जोडल्या, बटण दाबलं, पडदा उजळला, सासऱ्यांनी नारळ फोडला आणि लोडशेडिंगची वेळ झाली. वीज गेली. शेवटची गाडी चुकू नये म्हणून भाऊ चहा घेऊन निघाला. ढाणकीत त्यानं कॉम्प्युटर चालताना पाहिला तो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी मी बसले. सुरुवात बरी झाली. मग यजमानांच्या शाळेतल्या मुलांची नावं टाईप करायला घेतली आणि बाण पडद्यावर अडखळायला लागला. अक्षर दाबलं की ते उमटायला वेळ घेई, मग चार-पाच एकदम उमटत. पडद्यावरची खिडकी बंद केली तर ती वरून खाली पुसल्यासारखी हळूहळू जाई. ज्या क्लासमध्ये मी शिकवत होते तिथल्या जुन्या खटाऱ्यांवरही असं होत नव्हतं. मी बंद करून पुन्हा सुरू केला. तेच. यजमान मागं उभे होते. "नवा आहे ना हा?" ते म्हणाले. साधाच प्रश्न होता, पण त्यानंतर तो त्या घरातून गेला नाही.

आठवड्याभरानं सासऱ्यांनी गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याला बोलावलं. लग्नाचे अल्बम करण्यासाठी त्याच्याकडं कॉम्प्युटर होता, म्हणून गावात त्याला मान. त्यानं माऊस हलवला, दोन ठिकाणी क्लिक केलं, वाट पाहिली, आणि ओठ पुढं काढून म्हणाला, "माल जुना दिसते काका. डबा नवा, आतलं सेकंडहँड. नागपूरले मिळते असं." मी तिथंच उभी होते. तो माझ्याकडे न पाहता सासऱ्यांशी बोलत होता.

"माझा भाऊ असं करणार नाही," मी म्हणाले.

"तुमच्या भावानं नसन केलं, वहिनी. त्यालेच कोनं फसवलं असन." आणि तो चहा प्यायला बसला.

सासरे मला काही बोलले नाहीत. ओट्यावर मात्र दोन दिवसांनी मी ऐकलं, कुणीतरी विचारत होतं, "काय म्हनते मशीन?" आणि सासरे म्हणाले, "आता सोयऱ्याले का म्हनाव?" एवढंच. भाकरीचं पीठ मळता मळता माझे हात थांबले. आपल्या घरी आपण ज्या भावाला लाडानं वाढवलं त्याच्याबद्दल परक्या ओट्यावर कुणीतरी समजूतदारपणे गप्प बसतं, यासारखी बोचणारी दुसरी गोष्ट नाही.

भावाच्या परीक्षा चालू होत्या, त्याला येणं शक्य नव्हतं. जे करायचं ते फोनवर. फोन बैठकीत, कोनाड्यात, त्याची तार आखूड. कॉम्प्युटर तीन दारं आत. मी फोनवर ऐकायचं, धावत आत जायचं, करून पाहायचं, पुन्हा बाहेर येऊन सांगायचं, तोवर एसटीडीचं बिल पळतंय. पहिल्या खेपेला व्हायरस शोधून झाला, अँटिव्हायरस काढून टाकणं झालं. दुसऱ्या खेपेला सगळं पुसून पहिल्यापासून टाकलं. त्यात दोनदा वीज गेली. एवढं करून मशीन होतं तसंच. मग भाऊ म्हणाला, "ताई, डबा उघडून रॅमची पट्टी काढून पुन्हा बसव." सासऱ्यांना ते कळलं आणि त्यांनी हात वर केला. "उघडायचं नाई. उघडलं का मंग दुकानदार म्हनते तुम्हीच बिघडवलं." दुकानदार कुठला, तो तर माझा भाऊच. पण डबा बंदच राहिला.

त्याच सुमारास भावानं आणखी एक गोष्ट सांगितली. यवतमाळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबसाठी सहाय्यक हवी होती. त्यानं माझा अर्ज परस्पर दिला होता. "गुरुवारी इंटरव्ह्यू आहे ताई. पुढच्या. तू ये. काही करून ये." सासरे दिवाणावर बसून सुपारी कातरत होते. मी म्हणाले, "हो." मग म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "पाहते." फोन ठेवला.

"काय म्हनते?" सासऱ्यांनी विचारलं.

"परीक्षेचं सांगत होता," मी म्हणाले.

त्या रात्री यजमानांना सांगितलं. ते माणूस म्हणून चांगले होते, आजही आहेत. त्यांनी मान हलवली आणि वर छताकडे पाहत म्हणाले, "मिळाली तर राहशील कुठं? यवतमाळले?" मी पांघरूण उलगडलं. "आणि बाबाले काय सांगू मी? कापूस घरात आहे, आईचं अंग भरून आलं पुरळानं. जा म्हणून कसं सांगू?" तेही कुठंतरी अडकलेलेच होते. फक्त त्यांच्या बाजूला मोटारसायकल होती.

रविवारी पुन्हा फोन लागला. या वेळी माझी धावपळ पाहून सासरे म्हणाले, "तू आत बस. मी फोन धरतो. तो सांगन तसं तुले सांगतो." त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, सासूबाई मधल्या दारात उभ्या राहिल्या, आणि मी कापसाला पाठ लावून बसले.

"तो म्हनते, कंट्रोल दाबून धर!" बैठकीतून आवाज आला.

"कंट्रोल दाबून धर," दारातून सासूबाई म्हणाल्या.

"दाबलं."

"दाबलं म्हनते!"

"तो म्हनते, टाकस मनेजर उघडलं का?"

"काय उघडलं का म्हनते व?" सासूबाईंनी मला विचारलं.

असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मला मध्येच हसू आलं आणि मध्येच रडू. मी माझ्या सख्ख्या भावाशी बोलत होते, आणि प्रत्येक शब्द दोन माणसांच्या तोंडातून जात होता. गुरुवारचं काही विचारायचं असेल तर? कसं विचारणार?

मग भावानं विचारलं, मशीन कायमच असं आहे की कधी बरंही चालतं. मी विचार केला. हे मला आधीच सांगायला हवं होतं, पण लक्षातच आलं नव्हतं. लोडशेडिंगनंतर वीज आली आणि मी सुरू केला की पहिली काही मिनिटं तो छान चालायचा. मग हळूहळू दमायचा. सासऱ्यांना वाटायचं, येणाऱ्या विजेचा जोर नंतर कमी होतो.

"पहिले बरा चालतो, मग मंदावतो," मी म्हणाले. निरोप तीन दारं ओलांडून गेला.

 मग सासऱ्यांचा आवाज, जरा गोंधळलेला, "तो म्हनते, बंद करून पुन्हा सुरू कर आनि लगेच डिलीट दाबत राहा. निळा पडदा येईन. त्यात सीपीयूपुढं आकडा काय दिसते ते सांग."

निळा पडदा आला. बाणाची बटणं दाबत मी ते पान शोधलं. आकडा नव्वदच्या वर होता आणि माझ्यासमोर वाढत होता. मी ओरडून सांगितलं. सासूबाईंनी सांगितलं. सासऱ्यांनी फोनमध्ये सांगितलं, आणि मग ते जे बोलले ते त्यांनी मला सांगण्यासाठी नाही, स्वतःशीच म्हटलं.

"गरम होते म्हनते. पानी उकळन एवढं गरम."

रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला आणि ते आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर असा रंग मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मागं आढ्यापर्यंत उभ्या असलेल्या वर्षभराच्या कष्टाकडे पाहिलं. "बंद कर. पह्यले बंद कर ते. कापसाच्या खोलीत आगीची भट्टी आनून ठेवली!" त्या खोलीतला दिव्याचा बल्बसुद्धा त्यांनी काढून ठेवलेला होता. मी कळ दाबली. ते तारा ओढायला लागले, मी त्यांना थांबवून नीट काढल्या. टेबलासकट सगळं मागच्या पडवीत गेलं.

प्रोसेसर गरम झाला तर तो स्वतःच वेग कमी करतो, आग लागत नाही, हे मी त्यांना समजावून सांगत होते. ते ऐकत नव्हते. "हे मशीन उद्याच्या उद्या यवतमाळले न्यायचं," ते म्हणाले. "तुह्या भावाजवळ द्यायचं. तो पाहीन काय करायचं ते. अन् दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाई. तूच घेऊन जाय. चार दिवस राहून, ठीक करून घेऊन ये."

मी पदराला हात पुसत उभी राहिले. चार दिवस. उद्या सोमवार. त्यांच्याच तोंडून, न मागता.

संध्याकाळी ते शेताकडे गेले. यजमान गोणपाट शोधत होते. सासऱ्यांनी फोन आपटण्याआधी भावानं त्यांना सांगितलं होतं की आतला पंखा फिरतो का पाहा, आणि आता डबा परत जाणारच होता, तेव्हा उघडू नको म्हणायला कुणी नव्हतं. मी बाजूचा पत्रा काढला. पंखा बोटानं ढकलला तर मोकळा फिरला, धूळही नव्हती, कापसाचा एखादा तंतू तेवढा अडकला होता. पंख्याच्या खाली ॲल्युमिनियमचा जाळीदार ठोकळा, तो प्रोसेसरवर टेकून उष्णता ओढून घेतो. त्याला चार कोपऱ्यांवर चार प्लॅस्टिकचे पाय, ते खालच्या मोठ्या पाटीच्या, मदरबोर्डाच्या भोकांत दाबून बसवायचे. तीन पाय बसलेले होते. चौथा वर आला होता. मी ठोकळ्याला बोट लावलं तर तो त्या बाजूनं हलला.

भावानं नीट बसवला होता, नाहीतर यवतमाळला मशीन आठवडाभर उडालं नसतं. मला एसटीचा तो शेवटचा बाक दिसला. उमरखेडपासूनचा एकेक खड्डा दिसला.

पडवीत मी एकटी होते. बाहेर बैलांच्या गळ्यातली घंटी वाजत होती. मी पत्रा पुन्हा लावून टाकू शकत होते. उद्या सकाळच्या गाडीनं मी जाणार, मंगळवार, बुधवार, आणि गुरुवारी इंटरव्ह्यू. भाऊ ते एका क्षणात बसवेल, आणि शुक्रवारी मी मशीन घेऊन परत. कुणाशी खोटं बोलायचं नव्हतं. फक्त काही करायचं नव्हतं.

पण मग मला पुढचं दिसलं. मशीन यवतमाळहून वेगात चालत परत येतं. ओट्यावर कुणीतरी विचारतं. स्टुडिओवाला ओठ पुढं काढून म्हणतो, बदलून दिला असन, मी म्हनलं होतं ना? आणि सासरे समजूतदारपणे गप्प बसतात. आयुष्यभर. माझा भाऊ इथं दर दिवाळीला येणार, पाटावर बसणार, आणि त्याला वाढताना या घरातल्या प्रत्येकाच्या मनात ते असणार. त्याला कळणारही नाही. पाय वर आलेला इथं, यांच्या डोळ्यांसमोर दिसला आणि इथंच बसला, तरच माझा भाऊ सुटत होता.

मी पत्रा उघडा ठेवला आणि स्वयंपाकाला लागले. भाजी फोडणीला टाकताना एकदा वाटलं, जाऊन लावून टाकावा. गेले नाही. सासरे आले तसं मी म्हणाले, "मामाजी, हे पाहा जरा."

त्यांनी वाकून पाहिलं. बोटानं ठोकळा हलवून पाहिला. तीन पाय पाहिले, चौथा पाहिला. बैलगाडीची खीळ निखळली तर काय होतं हे त्यांना सांगायची गरज नव्हती. "एसटीत हादरलं," ते म्हणाले. "हो," मी म्हणाले. मी बोट पुढं केलं तर त्यांनी अडवलं. "थांब. त्या फोटोवाल्याले बोलावतो. त्यानंच म्हनलं होतं ना."

स्टुडिओवाला आला. यजमान, सासूबाई, शेजारचे एक काका, सगळे पडवीत जमले. वीज होती. मी आधी निळा पडदा लावून चढणारा आकडा सगळ्यांना दाखवला. मग बंद केला, तार काढली, ठोकळा निवू दिला. चौथ्या पायावर अंगठा ठेवून दाबला. मदरबोर्ड वाकला, कुरकुरला. हे तुटलं तर? आणखी दाबलं. टक्. ठोकळा आता हलत नव्हता.

पुन्हा सुरू केला. आकडा पन्नासच्या आसपास आला आणि तिथंच थांबला. आम्ही सगळे त्याच्याकडे ताप उतरलेल्या पोराकडे पाहावं तसे पाहत राहिलो. मग मी यजमानांच्या शाळेची यादी उघडली, ती उघडली म्हणेपर्यंत समोर होती.

"असंबी असू शकते," स्टुडिओवाला म्हणाला.

"असू शकते काय? हायच," सासरे म्हणाले. "माल नवाच हाय. पोरानं इमानानं देल्ला." त्यांनी त्याच वेळी यवतमाळला फोन लावला आणि भावाला मोठ्यानं म्हणाले, "बाबू, तुह्या बहिनीनं केलं रे ठीक!" त्यांचा आवाज भरून आला होता.  त्या एका क्षणी मला त्या घराबद्दल जे वाटलं ते खरं होतं, ते मी नाकारत नाही.

मग फोन ठेवून ते वळले. "चला. यवतमाळले जायचं कामच उरलं नाई."

जेवणं झाल्यावर मी धीर केला. सासरे हात धूत होते. मी म्हणाले, "मामाजी, मला यवतमाळला जायचं आहे. मशीनसाठी नाही. गुरुवारी मला एका कॉलेजात बोलावलं आहे, नोकरीसाठी."

त्यांनी पंचा घेऊन हात पुसले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बोलता आलं असतं. "कापूस घरात हाय बाई," ते म्हणाले. "कधी गाडी भरा लागन सांगता येत नाई. सासूचं अंग पाहतेस ना? कापूस निघू दे, मंग सावकाश बोलू." मग जरा थांबून, अगदी मनापासून म्हणाले, "आनि आता कायले नोकरी? मशीन कसं पळून राह्यलं पाह्यलं ना?"

यजमान पाण्याचा तांब्या हातात धरून उभे होते. त्यांनी तो कोनाड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आणि मी तुरी निवडत होतो. त्या दाणे चाळत, वर न पाहता म्हणाल्या, "तुले जायचं होतं ना?"

"हो आई."

"मंग चार दिवस थांबा लागत होतं दुरुस्त करायले."

मी हातातली तूर सुपात टाकली. त्यांनी सूप फटकलं, खडे एका बाजूला आले, ते वेचून फेकले आणि पुढचा पसा घेतला.

गुरुवारी मी अंघोळ करून कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले. तो पडवीतच ठेवला होता, सासरे त्याला पुन्हा खोलीत नेऊ देत नव्हते. बटण दाबलं. तो झटकन सुरू झाला. बाण हवा तिथं जात होता, खिडक्या क्षणात उघडत होत्या, क्षणात मिटत होत्या. आणि त्यात काही नव्हतं. घरात इंटरनेट नव्हतं, शिकायला मुली अजून आल्या नव्हत्या, शाळेची यादी टाईप होऊन गेली होती. मी पत्त्यांचा खेळ लावला. एक डाव झाला, दुसरा झाला. यवतमाळला त्या वेळी कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर मुली बसल्या असतील, कुणीतरी नाव पुकारत असेल. मी तिसरा डाव लावला. वीज जाईपर्यंत खेळत राहिले.

कापूस होळीनंतर निघाला. भाव वाढला नव्हताच, उलट घरात राहून कापसाचं वजन उतरलं होतं. दोन टेम्पो भरले. सासरे दाराशी उभं राहून भरताना पाहत होते, शेवटची गोणी गेल्यावर आत येऊन मधल्या खोलीत नुसते उभे राहिले. भिंतींवर जिथवर कापूस होता तिथवर चुना जसाच्या तसा होता, खिडकीतून कितीतरी महिन्यांनी ऊन आलं होतं. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "आता जाऊन ये माहेरी." दिलेला शब्द त्यांनी पाळला होता.

जागा तोवर भरून गेली होती. भावानं ते मला बस स्टँडवरून घरी जाताना ऑटोत सांगितलं, मुद्दाम बाहेर पाहत. मी त्याला विचारलं नव्हतं. त्याला स्टुडिओवाल्याचं काय ते मी सांगितलं नाही, आजही त्याला माहीत नाही. यजमानांची दोन वर्षांनी बदली झाली तेव्हा आम्ही पुसदला बिऱ्हाड केलं आणि मला तिथं एका शाळेत काम मिळालं. तेव्हा सासऱ्यांनीच सामानाची गाडी ठरवून दिली. पण ते नंतर.

त्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर वडिलांनी बूट काढता काढता विचारलं, "कॉम्प्युटर चालतो का गं आता?"

"चालतो."

"छान झालं," ते म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.